आबांची उधारी

"वहिनी, तीळ भाजायल्या का? वास आला इकडं."

"कशाचे तीळ बाई! यंदा आमच्या घरी कुठली आली संक्रांत? जिरं भाजायले. भेटायला येणाऱ्यांची रीघ काही थांबंना अन् चहाची पावडर पुरंना. आता येईल त्याच्या हातात ताकाचा गिलास देते. थंडी असंल तर असंल."

भोगी दुसऱ्या दिवसावर आली होती. बोरीत आमच्या दोन घरांच्या मध्ये बाभळीच्या काट्यांची जुनी कुपाटी आहे आणि तिला एका जागी छातीएवढ्या उंचीवर खिंडार आहे. ते आबांनी पाडलेलं. आबा म्हणजे वहिनींचे सासरे. भाजीची वाटी पोचवायला आम्हा दोघींना रस्त्यावरून वळसा पडतो हे त्यांनी एकदा पाहिलं, कोयता आणला, काटे काढले, आडवी एक सागवानी फळी ठोकली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला निघून गेले. फळी कुठली, ते मागून कळलं. वहिनींच्या न्हाणीच्या दाराची होती.

मार्गशीर्षात आबा गेले. 86 वर्षांचे होते. म्हातारं माणूस गेलं म्हणजे लोक 'सोनं झालं' म्हणतात, तसं इथंही म्हणाले. पण आबा कधी म्हातारे म्हणून बसलेले कुणी पाहिलेच नव्हते. आदल्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी मुलीच्या स्थळाची चौकशी करायला कौसडीला जाऊन आले होते, तेही एसटीत उभ्यानं. 2022 च्या ऑगस्टात सरकारनं 75 च्या पुढच्यांना एसटी फुकट केली, तेव्हापासून तर ते घरी सापडेनासेच झाले होते. आज जिंतूर, उद्या परभणी, परवा सेलू. वहिनी म्हणायच्या, सरकारनं म्हाताऱ्यांची सोय केली की सुनांची, ते काही समजंना.

"मातीला लोक किती आलते बघितले ना तुम्ही?"

"बघितले तर. परभणी-जिंतूर रोडपर्यंत गाड्या होत्या."

"त्यातले अर्धे मला माहीतच नाहीत बाई. एकजण तर चारठाण्याहून आलता. रडायलता नुसता. मी म्हणलं, तुम्ही कोण? तर म्हणे, आबांनी माझी म्हैस सोडवून आणलीती. कुठून सोडवली, कामून सोडवली, काही ठाव नाही. आमच्या घरी म्हशीचा विषयच कधी झाला नाही."

वहिनींचा राग हा असा असतो. त्याला आवाज असतो, धार नसते. पण त्या दिवशी मला थोडी धारही लागली.

"दहाव्याला गंगाखेडला गेलो, तर कावळा लगेच शिवला," वहिनी म्हणाल्या. "भटजी म्हणले, फार कमी वेळा होतंय असं. मी म्हणलं, महाराज, त्यांना कधी कुठं थांबायला टाइम होता का? पुढं कुणाकडं तरी जायचं असंल."

हसू नये, पण हसलो. गोदावरीच्या काठावर असं काही बोलायची वहिनींची छाती आहे, हे मला ठाऊक होतंच.

राखेवरून मात्र घरात बरंच झालं होतं. आबांनी सांगून ठेवलं होतं की राख नदीत टाकू नका, शेतात खड्डा करा, तिथं झाड लावा. आजकाल आपल्याकडं गावोगाव लोक करतात असं. पण चुलत्यांचं म्हणणं, गंगेला नाही नेलं तर लोक काय म्हणतील? गंगाखेड म्हणजे दक्षिणेतली काशी. अख्खा परभणी जिल्हा तिथं जातो आणि आपल्याच माणसाला तेवढं नाही? शेवटी पसाभर राख गंगाखेडला गेली आणि बाकीची विहिरीच्या कडंला जांभळाखाली. सेलूची ताई, म्हणजे आबांची लेक, म्हणाली, "बापानं जन्मभर सगळं वाटलं, आता त्यालाही वाटून टाकलं."

"ताई बोलती बरोबर," वहिनी म्हणाल्या, "पण ताईला काय, ती पाहुणी. वाटणारा वाटतो. भाकरी कोण थापतंय?"

ही गोष्ट वहिनींनी काढली ते बरं झालं. तेरवीला आलेल्या माणसांनी भाषणं केली तेव्हापासून माझ्याही मनात हेच घोळत होतं. सरपंचापासून सगळे म्हणाले, आबांच्या दारातून कुणी उपाशी गेला नाही. खरंय. पण आबांना साधा चहा करता येत नव्हता. मग ते न गेलेले उपाशी कुणाच्या हातचं जेवले? ते कुणी बोललं नाही. वहिनींच्या सासूबाई होत्या तोवर सासूबाईंच्या हातचं, नंतर वहिनींच्या.

शेगावच्या पालखीचंच घ्या. गजानन महाराजांची पालखी जूनमध्ये पंढरपूरला जाताना जवळा बाजारावरून त्रिधारेला येते, तिथून परभणी, दैठणा, गंगाखेड. बोरी काही त्या वाटेवर नाही. मग आबांनी काय करावं? गावातून भाकरी गोळा करून टेम्पोनं त्रिधारेला न्यायच्या. आठवडाभर आधी ते घरोघर फिरायचे. "तुझ्या पन्नास, तुझ्या पन्नास." आमच्या वाट्याला दरवर्षी शंभर यायच्या, कारण मी मास्तरीण. मला पगार आणि नंतर पेन्शन, म्हणून शंभर.

ती रात्र मी अजून विसरले नाही. कुपाटीच्या दोन्ही बाजूंना चुली पेटलेल्या. गॅसवर एवढ्या भाकरी होत नाहीत. ज्वारीचं पीठ ताजंच लागतं. जुनं असलं की भाकरीला चिरा जातात आणि थापताना कड फाटत जाते. म्हणून आबा आदल्या संध्याकाळी गिरणीवर बसून दळून आणायचे. तीनला उठायचं. परातीत पीठ, कोमट पाणी, तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं, गोळा, थाप, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात. उलटली की तवा बाजूला सारून विस्तवावर धरायची. फुगली की फडक्यानं दाबायची. जून म्हणजे उकाडा असतो, गरम भाकरी एकावर एक ठेवल्या तर घाम सुटून आंबतात. तर आधी बाजेवर धोतर अंथरून पसरायच्या, निवल्या की मग टोपल्यात. धोतर आबांचंच, धुतलेलं. सूर्य वर यायच्या आत टेम्पो निघायचा. आबा पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर ठेच्याचा डबा. आम्ही दोघी मागं, हाताच्या फुगलेल्या नसा चोळत.

"अन् दुपारी परत आले की काय म्हणायचे माहीत का?" वहिनींनी आठवण काढली. "म्हणायचे, वारकरी म्हणले भाकरी लई मऊ होत्या. पोरींनो, पुढच्या साली दोनशे वाढवू."

"सासूबाई काय म्हणायच्या तेव्हा?"

"सासूबाई काही म्हणायच्या नाहीत. करून दाखवायच्या."

सासूबाईंना मी बरीच वर्षं पाहिलं. बारीक चणीच्या, नऊवारीतल्या, कमी बोलणाऱ्या. आबा कोठीत गेले की त्या मागून जायच्या. 1972 च्या दुष्काळाची त्यांची गोष्ट बोरीतल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, पुरुष सांगतात ती वेगळी. पुरुषांच्या गोष्टीत आबा पेव उघडतात आणि ज्वारी वाटतात, तिथं गोष्ट संपते.

पेव आताच्या मुलांनी पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. जमिनीत माणसाच्या दीडपट खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडब्याचं आणि भुसाचं अस्तर. ज्वारी भरून वर शिळा ठेवायची आणि मातीनं लिंपून टाकायचं. उघडायचं म्हणजे घाई करून चालत नाही. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर आत वाईट हवा आहे, उतरायचं नाही. या घाईत माणसं गेलेली आहेत. बहात्तरला लोक खडी फोडायला जात होते, दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली होती, ती भाकरी लाल व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही. तेव्हा आबांनी पेव उघडलं आणि गल्लीत पायली पायली वाटली. त्या ज्वारीलाही पेवाचा वास होता, पण ती आपली होती.

बायकांच्या गोष्टीत पुढचं आहे. सासूबाई त्या दिवशी कंदील धरून होत्या. आबा वर आले, हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात त्यांनी पोत्यातून काढून काढून तीन-चार घागरी भरल्या आणि माळवदावर राखेत पुरल्या. आबांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या मृगाला पाऊस पडला तेव्हा आबांकडं पेरायला बियाणंच नव्हतं. सगळं वाटून झालेलं. तेव्हा त्या घागरी खाली आल्या. घरचं पेरून झालं आणि दोन शेजाऱ्यांनाही दिलं. ते मात्र सासूबाईंनी स्वतः दिलं, आबांना विचारूनही नाही.

"तुम्ही सांगा बाई," वहिनी म्हणाल्या, "यातलं मोठं कोण?"

मी काही बोलले नाही. माझं मत असं की आबांना पुढं जाऊन उघड्या हातानं देता येत होतं, कारण मागं कुणीतरी मूठ झाकलेली होती. पण हे सुतकातून नुकत्या निघालेल्या घरात कसं बोलावं?

आबा असे का झाले, याची गावात एक ठरलेली गोष्ट आहे. रझाकारीच्या दिवसांत, आबा नऊ वर्षांचे असतील, त्यांचं घर रातोरात गाडी जुंपून मंठ्याच्या वाटेनं लोणारकडं गेलं. लोणार वऱ्हाडातलं, निजामाच्या हद्दीबाहेर. तिथं कुणीतरी अनोळखी घरानं त्यांना ओसरी दिली, महिनोन्महिने भाकरी दिली. 17 सप्टेंबर 1948 नंतर परत आले. म्हणून आबांनी ठरवलं, आपणही द्यायचं. ऐकायला छान वाटतं. पण त्याच गाडीत आबांचे सख्खे थोरले भाऊही होते, त्याच ओसरीवर जेवलेले. आणि त्यांच्या दारात भिकारीसुद्धा दोनदा विचार करून यायचा. तेव्हा मला ही गोष्ट काही पटत नाही. काही माणसं तशीच असतात, एवढंच म्हणावं.

"त्या कागदांचं काय झालं हो?" मी विचारलं.

"कशाच्या? उर्दूच्या? हायेत की, ट्रंकभर. लोक विसरून गेलेले."

आबांची शाळा निजामाच्या राज्यात सुरू झाली, तेव्हा त्यांना उर्दू होतं. पुढं राज्य गेलं, उर्दू गेलं, पण आबांचा मशिदीजवळचा एक दोस्त होता, त्याच्याकडं बसून ते वाचत राहिले. तो दोस्त गेल्यावर बोरीत जुनी उर्दू लिखावट वाचणारे आबा एकटेच उरले असावेत. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. कधी जमिनीच्या वाटणीत एखादी सेतवार किंवा जुना दस्त निघाला तर तेवढ्यापुरते आबा. पण 2023 च्या सप्टेंबरात सरकारनं मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यात मोडी-उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कचेरीचं काम कचेरीत. पण ज्याच्या घरी ट्रंकेत काही चिठोरं होतं, तो आबांकडं यायला लागला.

चौऱ्याऐंशीचे आबा तेव्हा ओट्यावर बसायचे, हातात भिंग. बोट उजवीकडून डावीकडं सरकायचं. "मौजा... हं... वल्द... वल्द म्हणजे तुझा पणजा... साकिन..." समोरचा माणूस श्वास रोखून. जुनी घाईची लिखावट, नुक्ते खाल्लेले, कागदाला कसर लागलेली. एकेका ओळीला अर्धा अर्धा तास. पैसे घ्यायचे नाहीत. चहा मात्र प्रत्येकाला.

"दिवसाला किती चहा केले असतील मी बाई!"

"एकदा भांडण झालं होतं ना त्यावरून?"

"चहावरून नाही. एकजण आलता, नाव घेत नाही. त्याला वाटलं, आबांनी एक शब्द 'कुणबी' असा वाचावा अन् खाली लिहून द्यावा. आबा म्हणले, इथं ते नाही. तो म्हणला, आबा, तुमच्या एका शब्दानं माझ्या पोराची ॲडमिशन होतीय. लई रडकुंडीला आलता. मलाच वाटलं, द्यावं बाई लिहून, कुणाचं काय जातंय? आबा म्हणले, माझ्याकडची ज्वारी माग, देतो. कागदावर नाही ते कुठून देऊ? त्यांच्याशी दोन वर्षं तो बोलला नाही. मातीला आलता. लांब उभा राहिला, पण आलता."

वहिनींनी तवा खाली उतरवला. जिऱ्याचा वास कुपाटीत अडकून राहिला.

ओट्यावरच्या त्या शाळेत एक विद्यार्थिनीही होती. आबांची नात, धाकट्या मुलाची. परभणीला कृषी विद्यापीठात शिकते. सुट्टीत आली की आबांच्या शेजारी बसून अलीफ-बे गिरवायची. घरच्यांना वाटायचं, पोरीचा टाइमपास. आबांना विद्यापीठाचं भारी कौतुक. 18 मे 1972 ला ते स्थापन झालं तेव्हा हे तरणेताठे, मराठवाड्याला हक्काचं विद्यापीठ मिळालं म्हणून पेढे वाटलेले. पेढ्याचे पैसे कुणाचे, ते विचारू नये. दरवर्षी 18 मेला तिथं शेतकरी मेळावा असतो, त्या दिवशी विद्यापीठाचं बियाणं मिळतं आणि लोक रात्रीपासून रांग लावतात. आबा 85 व्या वर्षीही त्या रांगेत. नातीनं होस्टेलवरून डबा आणून द्यायचा. सोयाबीनच्या आणि तुरीच्या पिशव्या घेऊन ते एसटीत चढायचे आणि बोरीच्या स्टँडवर उतरेपर्यंत हात जवळजवळ मोकळे.

"घरी एक पिशवी यायची," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणायचे, आबा, आपल्या रानाला किती लागतंय ते तरी बघा. आबा म्हणायचे, तू तर दुकानातून आणू शकतोस, त्याला कोण देणार?"

'हे' म्हणजे दादा, आबांचे थोरले. तेरवीच्या रात्री मांडव उतरल्यावर दादा आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. सहसा ते बोलत नाहीत. म्हणाले, "बाई, माझी दहावी झाली तेव्हा आबा कुठं होते माहीत हाय का? कुणाच्या तरी विहिरीवर. गाळ काढायला. मी परीक्षेला जिंतूरला एकटा गेलो. निकाल लागला तेव्हा बी एकटा. अन् माझ्या पोराच्या दहावीला? तिन्ही तास सेंटरच्या बाहेर लिंबाखाली बसले, पाण्याची बाटली घेऊन. पेपर सुटला की विचारायचे, मराठी सोपं गेलं का. मला जळायला झालं, खरं सांगतो. बाप म्हणून जे द्यायचं राहिलं ते आजा म्हणून दिलं. पण दिलं ते माझ्या पोराला. मला तर नाही दिलं."

दादांचा मुलगा पुण्याला असतो. तो मातीला पोचू शकला नाही, तिसऱ्या दिवशी राख सावडायला आला. त्याला मात्र बापाच्या या बोलण्याचं नवल वाटलं. त्याच्या डोळ्यापुढचे आबा सतत वेळ असलेले. त्याला पोहायला शिकवणारे, परभणीच्या तुराबुल हक बाबांच्या उरुसात खांद्यावर घेऊन फिरवणारे, पुण्याच्या फ्लॅटवर येऊन सोसायटीच्या वॉचमनच्या जेवणाची चौकशी करणारे. दोघं एकाच माणसाबद्दल बोलत होते आणि दोघांचं एकमेकांना पटत नव्हतं. मी गप्प बसले. दोघांचंही बरोबर होतं.

"आता खरी गंमत ऐका," वहिनी म्हणाल्या आणि फळीवर दोन्ही कोपरं टेकली. म्हणजे आता खरं गप्पाष्टक. "परवा किराणावाला आलता."

"का?"

"वही घेऊन. आबांच्या नावावर नऊ हजारांच्या वर उधारी."

"नऊ हजार? आबांची?"

"मी पण तेच म्हणलं. तंबाखू नाही, विडी नाही, एका चहावर राहणारं माणूस. दुकानदार म्हणला, माल तुमच्या घरी आलाच नाही काकू. दुसऱ्याच्या घरी गेलाय. सप्टेंबरात पाण्यानं सोयाबीन नेलं ना, तवापासून. दर पंधरा दिवसाला आबा यायचे, यादी द्यायचे, नावावर लिही म्हणायचे. कुणाच्या घरी? तर ते सांगणार नाही म्हणतोय! आबांनी वचन घेतलं म्हणे त्याच्याकडून."

सप्टेंबर 2025 चं ते पाणी कुणाला विसरता येईल? सगळ्या मराठवाड्यात रानं तळी झाली होती. काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच कोंबलं. बोरीत त्या दिवाळीला फटाके फारसे वाजलेच नाहीत.

"पण मग आबांनी घरातूनच का नाही दिलं? कोठी तर भरलेली."

वहिनी जरा थांबल्या. मग कमरेची किल्ली दाखवली. "ह्याच्यामुळं. सासूबाई गेल्यावर कोठीला कुलूप मी लावलं. मला सासूबाईंसारखं मागं मागं फिरून राखता येत नव्हतं. तर आबांनी कुलपाला हात लावला नाही की मला एका शब्दानं म्हणले नाही. सरळ दुकानाची वाट धरली. दानत त्यांची, उधारी आमची. ह्यांनी दिले पैसे. वर दुकानदाराला म्हणले, अजून कुणाचं असलं तर सांग."

"दादा असं म्हणाले?"

"म्हणले. बापाचंच पोरगं ना."

मग आम्ही दोघी त्या वहीत काय काय होतं त्यावर बसलो. वहिनींनी पाठ केलं होतं. गोडेतेल, तूरडाळ, गूळ, चहा. दिवाळीला मैदा, पिठीसाखर, मुरमुरे. म्हणजे फराळ करणारं घर. दरवेळी बिस्किटाचे पुडे, म्हणजे लहान लेकरू. तंबाखूचा एक तोटा, म्हणजे घरात म्हातारं. आणि दर एकादशीच्या आधी साबुदाणा.

"खालच्या आळीतलं असंल," मी म्हणाले.

"त्यांच्यात लेकरू कुठंय? पोरगा-सून हैदराबादला."

"मग मारुतीच्या मागचं?"

"तिथं तंबाखू कोण खातंय? माळकरी घर."

एकेक घर उघडलं आणि एकेक बंद केलं. कुणाचं किती रान गेलं, कुणाच्या पोरानं शहरातून पैसे पाठवणं बंद केलं, कुणाच्या सुनेनं दिवाळीला नवं पातळ घेतलं आणि ते कुठून आलं. शेवटी वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या.

"बाई, तुम्ही एकादशी करता."

"अर्धी बोरी करते."

"नातू आलता दिवाळीला तुमचा."

"वहिनी, अहो, मी पेन्शनवाली! अन् आमच्याकडं तंबाखू कोण खाणार?"

"तुमचे दीर येऊन राहिलते ना महिनाभर." मग सावरून घेतल्यासारखं, "नाही, मी आपलं म्हणलं. घेतलं असलं तरी काय झालं? घरचंच घर. फक्त सांगायचं बाई. मी कुलूप काढलं असतं."

मी शपथ घ्यायला लागले तर म्हणाल्या, शपथा कशाला, ताक घ्या. ताक घेतलं. पण त्यांचा विश्वास बसलेला नव्हता, आणि खिंडाराशेजारी राहून असा संशय डोक्यावर घेणं मला परवडणारं नाही. संध्याकाळी उठले आणि थेट दुकानात गेले. म्हणलं, हे बघ, मी तुझी शाळेतली बाई. मला नाव सांगू नको, फक्त वहिनींना एवढं सांग की ते घर माझं नाही.

दुकानदार साखर तोलत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, कालपासून सगळी गल्ली येऊन हेच सांगून गेली. ज्यांच्या घरी माल गेला, ते सुद्धा."